ओर्शोव्हा नदीकाठी आहे की तळ्याकाठी?

खिडकीवाला

मंडळी, एक भाबडा प्रश्न आहे. परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून डॅन्यूब नदीवरून उगमापासून नकाशावर बोट फिरवत निघालो (हसू नका, काहींना मेंढ्या मोजून झोप येते मला नद्यांनी येते), तर सर्बिया आणि रोमानियाच्या मध्ये कार्पेथियन डोंगरात नदी घुसते तिथे ती एकदम दोरीएवढी बारीक होते आणि जरा पुढे गेल्यावर ओर्शोव्हा नावाचं छोटं गाव लागतं तिथे अचानक फुगून तळंच होऊन बसते. मग झोप गेलीच. फोटो बघत बसलो. गाव रोमन काळापासूनचं आहे म्हणतात पण फोटोत एक घर शंभर वर्षांचं दिसेना, सगळं एका साच्यातलं, पाण्याकडे तोंड करून अर्धवर्तुळात बसवलेलं. आणि एका फोटोत अंजिराचं झाड! रोमानियात? तिथे तर बर्फ पडतो ना?

तर तीन शंका: पाणी एवढं रुंद का, जुनं गाव गेलं कुठे, आणि अंजीर कसं काय. कुणी बाल्कनमधल्या या भागाबद्दल वाचलंय का?

गाळमाती

तुमच्या पहिल्या दोन शंकांचं उत्तर एकच आहे, धरण.

ओर्शोव्हाच्या खाली, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने, दहा-पंधरा किलोमीटरवर आयर्न गेट्सचं (लोखंडी दरवाज्यांचं) धरण आहे. रोमानियन लोक त्याला पोर्त्सिले दे फ्येर म्हणतात, सर्बियन बाजूला जेर्दाप. रोमानिया आणि तेव्हाचा युगोस्लाव्हिया यांनी मिळून १९६४ ला काम सुरू केलं आणि मे १९७२ मध्ये रोमानियाचा चाउशेस्कू आणि युगोस्लाव्हियाचा टिटो, दोन्ही देशांच्या प्रमुखांनी येऊन उद्घाटन केलं. नदी हीच सरहद्द, त्यामुळे वीजघरं दोन, जहाजांना वरखाली नेणारे पाण्याचे लॉकसुद्धा दोन, एकेक दोन्ही काठांवर. धरणापाशी पाणी तीस मीटरच्या वर चढलं. ओर्शोव्हा बसलेलं होतं चेर्ना नावाची उपनदी डॅन्यूबला मिळते त्या संगमावर, म्हणजे सखल जागी, त्यामुळे ते अख्खं बुडीत क्षेत्रात आलं. तुम्हाला जे तळं वाटतंय ती खरंतर चेर्नाच्या मुखात शिरलेली डॅन्यूब आहे. नवीन गाव त्या खाडीभोवती वरच्या उतारावर बांधलं, म्हणून अर्धवर्तुळ, आणि सगळी घरं एकाच काळातली म्हणून एक साचा. सरकारी पुनर्वसनाचं गाव कुठलंही बघा, असंच दिसतं.

आता धरणाला शिव्या घालायच्या आधी हेही बघा की तिथली नदी आधी कशी होती. ओर्शोव्हाच्या खाली पात्रात खडकांचे दातच होते. मोठ्या बोटी नेणं म्हणजे जिवावरचं काम, पाणी कमी असलं की वाहतूक ठप्प. १८९६ मध्ये सिप इथे सर्बियन काठाला लागून कालवा उघडला, ऑस्ट्रियाचा सम्राट, रोमानियाचा राजा आणि सर्बियाचा राजा तिघे हजर होते. एवढा थाट करून निघालं काय, तर कालव्यात पाण्याला इतकी ओढ की प्रवाहाविरुद्ध येणारी बोट जागची हलेना. शेवटी पहिल्या महायुद्धात काठावर रूळ टाकून रेल्वेचं इंजिन आणलं आणि दोर बांधून बोटी ओढायला लागले, आणि हे धरण होईपर्यंत चालू होतं. आगगाडी जहाज ओढतेय हे दृश्य मला बघायला फार आवडलं असतं.

पण किंमत मोजलीच. बेलुगा नावाचा अवाढव्य स्टर्जन मासा काळ्या समुद्रातून अंडी घालायला या घळईपर्यंत यायचा, समोरच्या काठावरच्या क्लादोवोचं कॅव्हियार (त्या माशाची खारवलेली अंडी) त्यासाठी प्रसिद्ध होतं. भिंत उभी राहिली, मासा खालीच अडकला. आणि गाळही वरच अडकतो, तो माझा आवडता विषय आहे पण इथे आवरतो.

नकाशातला किडा

दोन दुरुस्त्या, मग अंजीर.

एक, ओर्शोव्हा काटेकोरपणे बघितलं तर बाल्कनमध्ये येतच नाही. बाल्कन द्वीपकल्पाची उत्तर सीमा साधारण सावा आणि डॅन्यूब नद्या धरतात, आणि ओर्शोव्हा आहे डाव्या म्हणजे उत्तरेच्या काठावर. समोरचा सर्बियन काठ बाल्कन, हा काठ नाही. अर्थात इतिहास विचाराल तर तुर्क, ऑस्ट्रियन, सर्ब, रोमानियन सगळे इथे येऊन गेले, मग याला बाल्कन नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं. तेव्हा वाद नको, फक्त नोंद.

दोन, लोक त्या अरुंद घळईच्या फोटोखाली आयर्न गेट्स लिहितात. ती घळई म्हणजे कझान, ती ओर्शोव्हाच्या वरच्या अंगाला आहे, तिथे नदी एका जागी १५० मीटरच उरते पण खोल भरपूर. मूळ लोखंडी दरवाजा म्हणजे गाळमातींनी सांगितलेले खालचे खडक, आणि तो दरवाजा आता पाण्याखाली आहे.

आता अंजीर. बर्फ पडतो, नाही असं नाही, पण टिकत नाही फार. उत्तर आणि पूर्वेकडून येणारी कोरडी गार हवा कार्पेथियनचे डोंगर अडवतात, नैऋत्येकडून भूमध्य समुद्राची उबदार हवा आत येते, त्यात दक्षिणेकडे तोंड केलेले चुनखडीचे कडे दिवसभर तापतात आणि रात्री ऊब सोडतात. म्हणून तिथे अंजीर, बदाम, रानात आपोआप वाढणारी लायलॅकची झुडपं, आणि कझानच्या कड्यांवर एक पिवळा रानट्यूलिप उगवतो. नाकावर शिंग असलेला विषारी घोणससुद्धा आहे आणि हर्मनचं कासव पण, दोघंही ऊन खाणारे प्राणी. धरणाचं पाणी आल्यावर हिवाळा आणखी थोडा सौम्य झाला असं म्हणतात, मोठ्या जलाशयाजवळ तसं होतंच, पण अंजीर मात्र धरणाच्या कितीतरी आधीपासूनचं आहे.

आणि वारा राहिलाच! शरद ऋतू आणि हिवाळ्यात युक्रेनकडे हवेचा दाब वाढला आणि भूमध्यावर कमी झाला की पूर्वेकडची हवा या घळईच्या नळीतून पश्चिमेला सुसाट सुटते. त्याला कोशावा म्हणतात. दिवसचे दिवस वाहतो, बेलग्रेडपर्यंत लोकांची डोकी उठवतो.

खिडकीवाला

बाप रे, झोप आता आठवडाभर गेली. किडाभाऊ बाल्कनची नोंद घेतली 😄

पण मग जुन्या नकाशात ओर्शोव्हाच्या खाली नदीत एक लांबुळकं बेट दिसतं, नव्यात नाही. तेही बुडालं का?

जुनी पानं

बुडालं, आणि मला विचाराल तर गावापेक्षा त्या बेटाची गोष्ट जास्त जीव लावते. आदा काले. तुर्कीत त्याचा अर्थ बेटावरचा किल्ला.

थोडं मागून सांगते. ओर्शोव्हाचं रोमन नाव डिएर्ना, ते चेर्ना नदीच्या जुन्या नावावरूनच. रोमन सम्राट ट्रेजनने डेशियावर (म्हणजे साधारण आजच्या रोमानियावर) स्वारी केली तेव्हा सैन्य याच घळईतून कडा खोदून केलेल्या रस्त्याने आलं आणि खाली द्रोबेतापाशी १०३ ते १०५ मध्ये दमास्कसच्या अपोलोडोरसने डॅन्यूबवर पूल बांधला, वीस दगडी खांब, लांबी एक किलोमीटरच्या वर. मग मधली शतकं सोडा. १७१८ ला ऑस्ट्रियाने तुर्कांकडून हा भाग घेतला आणि बेटावर विटांचा भक्कम किल्ला बांधला, १७३९ ला परत तुर्कांकडे, १७९१ ला ओर्शोव्हा पुन्हा ऑस्ट्रियाकडे पण बेट तुर्कांकडेच. १८४९ ला हंगेरीचा ऑस्ट्रियाविरुद्धचा उठाव मोडल्यावर त्याचा नेता कोशुत याच्या माणसांनी पळून जाताना हंगेरीचा राजमुकुट ओर्शोव्हाजवळच पेटीत घालून पुरला होता, चार वर्षांनी सापडला. एवढ्याशा गावात किती काय काय.

तर बेट. १८७८ ला बर्लिनच्या तहात सगळ्या बाल्कनची वाटणी झाली आणि या बेटाचं नावच घालायला विसरले! सगळीकडून तुर्क मागे हटले आणि हे बेट कागदावर सुलतानाचंच राहिलं. ऑस्ट्रिया-हंगेरीचं सैन्य येऊन बसलं खरं पण लोक तुर्की, बाजार तुर्की, कर नाही, सैन्यात भरती नाही. १९१३ ला हंगेरीने ते जोडून घेतलं आणि महायुद्धानंतर रोमानियाकडे आलं. काहीशे माणसांची वस्ती, मशीद, अरुंद गल्ल्या, तंबाखू, लोकुम नावाची तुर्की मिठाई, अंजिराचा मुरांबा, आणि बोटीने येणारे हौशी पाहुणे.

धरण ठरलं तेव्हा किल्ल्याचे काही भाग उचलून खालच्या शिमियान बेटावर नेले, म्हणजे गावही तिथे वसवायचं अशी कल्पना होती. पण माणसं गेली नाहीत. काही कॉन्स्टान्त्साकडे समुद्रकाठी गेली, काही तुर्कस्तानात. मिनार सुरुंगाने पाडला. मशिदीतला मोठा गालिचा, जो सुलतान अब्दुल हमीदने भेट दिला होता असं सांगतात, तो आता कॉन्स्टान्त्साच्या मशिदीत आहे. विटा एका जागी, माणसं दुसरीकडे, गालिचा तिसरीकडे. धरणग्रस्त म्हटलं की आपण घरं आणि जमिनी मोजतो, आणि शेजार मात्र कुठल्याच यादीत येत नाही.

पाणकोंबडी

मी जाऊन आले आहे त्यामुळे थोडं डोळ्यांनी बघितलेलं.

रेल्वेने गेलात तर खिडकी सोडू नका. धरणामुळे जुनी लाइनही पाण्याखाली गेली, नवी लाइन डोंगराच्या पोटातून काढली, बोगदा पूल बोगदा पूल असं चालतं आणि मध्येच दोन सेकंद सगळं पाणी दिसतं आणि परत अंधार. मी फोटो काढायला गेले, सगळे बोगद्याचे आले.

गावात फार बघायला नाही हे खरं, पण नवीन गाव म्हणून नाक मुरडू नका. कॅथलिक चर्च नक्की बघा, सत्तरच्या दशकातलं, तंबूसारखं त्रिकोणी छत, समाजवादी राजवटीत असं चर्च कसं उभं राहू दिलं हेच आश्चर्य. वर टेकडीवर सेंट आना मठ आहे तिथून अख्खी खाडी दिसते. संध्याकाळी लोक काठावर नुसते चालत असतात.

बोट घ्याच. बोटवाल्याने अर्ध्या तासाची फेरी सांगून वीस मिनिटांत परत आणलं ते सोडा, पण कझानमधून जाताना मान वर करून दुखते. ट्रेजनच्या रस्त्याची आठवण म्हणून कोरलेली शिळा, इसवी सन १०० ची, सर्बियन बाजूला आहे. तीही बुडणार होती, मग खडकासकट कापून वीसेक मीटर वर चढवली. आज ती पाण्याच्या जरा वर दिसते आणि वाटतं पहिल्यापासून इथेच असेल. समोरच्या काठावर डेशियाच्या डेसेबालस राजाचं कड्यात कोरलेलं भलंमोठं तोंड आहे, चाळीस मीटरच्या वर उंच, पण ते १९९४ ते २००४ मधलं. बोटीतले निम्मे लोक त्याला प्राचीन समजत होते आणि खऱ्या जुन्या शिळेकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मला ते तोंड नाही आवडलं, दगड कंटाळल्यासारखा वाटतो.

एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. हे पाणी बघायला शांत आहे पण चाउशेस्कूच्या काळात रात्री पोहून पलीकडे युगोस्लाव्हियात पळणारे पुष्कळ होते. कुणी पोचले, कुणाला गोळी लागली, कुणी बुडाले. पलीकडचा काठ इतका जवळ आहे की तिथल्या गाडीचे दिवे मोजता येतात.

खिडकीवाला

शेवटचा परिच्छेद वाचून गप्प झालो. एकच विचारतो, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुन्या ओर्शोव्हाची छपरं किंवा चर्चचा कळस वगैरे दिसतं का?

गाळमाती

नाही दिसत. पाणी सोडायच्या आधीच गाव पाडून सपाट केलं होतं, बोटींना अडथळा नको म्हणून. आणि वीजघरासाठी पातळी राखावी लागते, त्यामुळे उन्हाळ्यात तळ उघडा पडेल असं हे धरण नाही. खाली पाया आणि रस्ते असतील, आणि त्यावर १९७१ पासून साठलेला गाळ. बघा, शेवटी माझ्या विषयावर आलोच.