पोळ्या लाटून खांदा धरलाय, ड्राय नीडलिंग करून घ्यावं का?

नारायणपेठकर:
नमस्कार मंडळी. आमचं घरगुती पोळी-भाजी केंद्र आहे, लाटण्याचं काम माझ्याकडे. गणपतीपासून उजवा खांदा धरलाय. दुखतं पुढच्या बाजूला आणि कळ दंडातून कोपरापर्यंत उतरते. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. पोळ्या कशाबशा रेटते, पण कणकेची परात उचलून ओट्यावर ठेवताना डोळ्यांत पाणी येतं. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाडात काही नाही म्हणाले आणि फिजिओकडे पाठवलं. तिथल्या मॅडमनी बराच वेळ तपासलं, मग पाठीमागे फऱ्याच्या हाडावर एक जागा दाबली आणि पुढे दंडात तीच कळ गेली. मी ओरडलेच. आता त्या म्हणतात, ड्राय नीडलिंग करू, म्हणजे औषध न घालता नुसती बारीक सुई दुखऱ्या स्नायूत टोचायची. दुखतंय पुढे आणि सुई मागे, हे कसं? वय ५४, बीपी आहे, शुगर काठावर, रक्त पातळ ठेवायची इकोस्प्रिन रोज चालू. दिवाळीच्या ऑर्डरी घेऊन बसलेय, तोवर हात मोकळा होईल का?

बाणेरचा_बाइकर:
माझं मानेच्या बाजूला केलं होतं. सुई आत जाताना जेमतेम कळते. नेमक्या जागी लागली की आतला स्नायू एकदम उडतो, पाण्यातला मासा उसळावा तसा. तेवढा क्षण वाईट. नंतर दोन दिवस जागा ठसठसत होती. पण हिंजवडीहून घरी येताना मान वळवून मागची गाडी बघता यायला लागली. मी पुन्हा करेन.

शनिपारचा_जुना:
हे अॅक्युपंक्चरच ना? मग ते फिजिओने का करायचं? आमच्या वेळी शेक आणि तेल पुरायचं.

फिजिओ_कोथरूड:
ताई, मी हेच काम करते म्हणून सविस्तर लिहिते. आणि मॅडमनी हात लावून इतका वेळ तपासलं, हे वाचून बरं वाटलं.

फऱ्याच्या हाडाच्या मागच्या बाजूला इन्फ्रास्पायनेटस नावाचा स्नायू असतो. दंड बाहेर फिरवणं आणि हात पुढे रेटताना खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणं ही त्याची कामं. लाटणं फिरवताना प्रत्येक पोळीला तो राबतो. त्यात घट्ट, दुखरी पट्टी तयार झाली की तिची वेदना बऱ्याचदा मागे न जाणवता खांद्याच्या पुढे आणि दंडात जाणवते. म्हणून मागे दाबल्यावर तुमची ओळखीची कळ पुढे गेली. नुसतं दुखलं असतं तर मी त्याला फार महत्त्व दिलं नसतं. तीच कळ उठली, ही खूण मोलाची.

पण सुईच्या आधी एक खात्री करा. शुगर काठावर आहे म्हणता. मधुमेहात खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं आणि सुरुवातीला त्याचं दुखणंही असंच भासतं. कोपर कमरेला टेकवून ९० अंशात वाकवा आणि दुसऱ्या कुणाला तुमचा हात सावकाश बाहेर फिरवायला सांगा. डाव्यापेक्षा बराच आधी अडकला तर तो आखडलेला खांदा असू शकतो, आणि मग उपचाराची दिशाच बदलते. मॅडमनी हे नक्की पाहिलं असेल, तरी विचारा. आणखी एक: उजव्या फऱ्याखाली तेलकट जेवणानंतर दुखत असेल तर पित्ताशयाची तपासणी आधी. स्नायू दुखतोय असं वाटतं आणि मूळ पोटात निघतं.

शनिपारच्या आजोबांच्या अॅक्युपंक्चरच्या प्रश्नाबद्दल. सुई तीच, बारीक आणि भरीव. जाडी साधारण पाव मिलिमीटर. रक्त काढायची सुई त्याच्या तिप्पट जाड असते. पण अॅक्युपंक्चरमध्ये जागा त्यांच्या शास्त्राप्रमाणे ठरते, इथे स्नायू बोटांनी चाचपून. अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल, ज्या पुढे राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर झाल्या, अशा दुखऱ्या जागांत भूल देणाऱ्या औषधाचं इंजेक्शन देत. मग १९७९ मध्ये प्रागच्या कारेल लेविट यांनी दाखवलं की औषध न घालता नुसती सुई अचूक लागली तरी आराम पडतो. शेक आणि मालिश मी आजही करते, पण इतक्या खोल पट्टीपर्यंत बोट नेहमी पोचत नाही.

उपयोग किती, तर खरं सांगते. आजवरच्या अभ्यासांत थोड्या काळासाठी दुखणं कमी होताना दिसतं. दूरच्या फायद्याचा पुरावा कच्चा आहे. या दुखऱ्या पट्ट्या नेमक्या कशा होतात यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. म्हणून ‘चार सुया आणि कायमची सुटका’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या. सुईने दुखणं उतरलं की त्याच आठवड्यात स्नायूला ताकद द्यायची: कोपर आणि कूस यांच्यामध्ये घडी केलेला नॅपकिन धरून हाताची मागची बाजू दाराच्या चौकटीला हळू रेटणं, पुढे रबरी पट्टीने तेच. हे टाळलं तर दुखणं परत येऊ शकतं. माझ्याकडे नुसती सुई मागायला येणाऱ्यांना मी नाही म्हणते.

धोका फुप्फुसाचा, आणि तो लपवू नये. इन्फ्रास्पायनेटसच्या खाली हाड असतं, सुई त्या हाडाच्या हद्दीत राहिली तर बरीच सुरक्षित. कडेवरून घसरली तर खाली बरगड्या आणि फुप्फुस. मानेजवळचा स्नायू तर चिमटीत उचलूनच टोचावा. करून आल्यावर, अगदी काही तासांनीही, धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचलं किंवा कोरडा खोकला सुरू झाला तर वाट न बघता इमर्जन्सीत जा. एरवी थोडं काळंनिळं आणि एक-दोन दिवस ठसठस, एवढंच.

मॅडमना राज्य परिषदेची नोंदणी आणि नीडलिंगचं वेगळं प्रशिक्षण आहे का, ते विचारा. चांगल्या फिजिओला या प्रश्नाचा राग येत नाही. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायचं आणि वापरलेली सुई डब्यात टाकायची. आणि सांगा, तुमचा ओटा उंच आहे का?

नारायणपेठकर:
हात बाहेर फिरवून पाहिला लेकीकडून. डाव्याइतकाच जातो, शेवटी दुखतं फक्त. ओटा उंचच आहे, सासूबाईंच्या वेळचा, त्या चांगल्या उंच होत्या. लाटताना माझे खांदे वर चढतात हे तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं. इकोस्प्रिन बंद करू का सुईच्या दिवशी?

फिजिओ_कोथरूड:
मनाने अजिबात बंद करू नका. इकोस्प्रिनवर सहसा नीडलिंग करता येतं, फक्त आधी सांगायचं आणि सुई काढल्यावर जागा जरा जास्त वेळ दाबून धरायची. वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी जास्त जोराची गोळी असती तर आधी डॉक्टरांची परवानगी घ्या म्हटलं असतं.

पायाखाली रुंद, न डगमगणारा पाट घ्या. लाटणं हातात असताना कोपर पोळपाटापेक्षा थोडं वर आणि खांदे सैल, एवढी उंची मिळाली पाहिजे. परात रिकामीच ओट्यावर ठेवा आणि कणीक तिथेच भिजवा, उचलायचा प्रश्नच नको. रात्री डाव्या कुशीवर झोपून उजव्या हाताखाली उशी.

दिवाळीपर्यंत दुखणं बरंच उतरेल अशी आशा ठेवायला हरकत नाही, पण स्नायूला ताकद यायला कित्येक आठवडे लागतात. घेतलेल्या ऑर्डरी ठेवा, नवीन घेऊ नका, आणि निम्मं लाटणं दुसऱ्या कुणाकडे सोपवा.