‘द थर्ड मॅन’ची कुठली डिस्क घ्यावी? माझी शंभर मिनिटांत संपते

शहापूरकर

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे उत्तरं मोघम येणार नाहीत.

आम्ही बेळगावात, शहापुरात, काही जण अधूनमधून जमून जुने पिक्चर बघतो. एका विणकर मित्राच्या घरची मागाची खोली आता रिकामी आहे. लांबट खोली, खिडकी एकच, त्यामुळं भर दुपारीही अंधार चांगला होतो. प्रोजेक्टर आहे, समोर पांढरी भिंत आहे. पुढच्या खेपेला दिग्दर्शक कॅरॉल रीडचा ‘द थर्ड मॅन’ (१९४९) लावायचं ठरलंय. लावायचा तर नीट लावायचा, अशी माझी इच्छा आहे, कारण निम्म्या लोकांनी तो बघितलेलाच नाही आणि पहिल्यांदा बघणं एकदाच होतं.

माझ्याकडं जुनी डीव्हीडी आहे. परवा घरी लावून बघितली आणि जीव हळहळला. युद्धानंतरचं व्हिएन्ना, पडक्या इमारती, रात्रीचे दगडी रस्ते. शूटिंगच्या वेळी त्या रस्त्यांवर मुद्दाम पाणी मारलं होतं, म्हणजे एकेक दगड उजेड धरेल. कॅमेरामन रॉबर्ट क्रास्करला या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळालं. माझ्या डिस्कमध्ये ते दगडच दिसत नाहीत, सगळा राखाडी लगदा.

(ज्यांनी बघितला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा.) हॅरी लाइमची पहिली भेट घ्या. तासभर त्याच्याबद्दल नुसतं ऐकत असतो. मग अंधारातल्या दारापाशी मांजर बुटाशी घुटमळताना दिसतं, समोरच्या घरात दिवा लागतो आणि ऑर्सन वेल्सचा चेहरा उजळतो. दारातला काळोख पुरता काळा असेल तरच तो उजेड अंगावर येतो. माझ्या डीव्हीडीत दिवा लागायच्या आधीच तिथं कुणीतरी उभं असल्याचं कळतं. सगळा प्रसंगच वाया.

आता प्रश्न. पिक्चर १०४ मिनिटांचा असं सगळीकडं वाचतो, माझी डीव्हीडी शंभरातच संपते. ही चार मिनिटं कुठली कापली? आणि दुसरं, जर्मन संवादांना सबटायटल असलेली आवृत्ती मिळते का? आमच्यातले एक काका त्यासाठी हटून बसलेत.

निपाणीकर

आधी डिस्कचं बोलू. क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीची ब्लू-रे २००८ साली आली होती, तिची छपाई कधीच बंद झाली. जुन्या मालाच्या साइटवर तिची वाट्टेल ती किंमत सांगतात, नादी लागू नका. शिवाय ती ‘ए’ विभागाची, म्हणजे त्याच विभागाच्या प्लेअरवर चालणारी. ब्लू-रेच्या हिशेबात भारत ‘सी’ मध्ये येतो, इंग्लंड-युरोप ‘बी’ मध्ये. स्टुडिओकॅनाल या कंपनीनं २०१५ साली या पिक्चरचं फोर-के रिस्टोरेशन केलं, म्हणजे जुन्या फिल्मवरून बारीक तपशिलाची, साफ केलेली नवी प्रत काढली. त्यावरून निघालेली ब्लू-रे बघा. इंग्लंडहून मागवलीत तर सगळे विभाग चालवणारा प्लेअर लागेल. फोर-के डिस्कला विभागाचं बंधन नसतं, पण तिला प्लेअर फोर-केचाच हवा.

आणि राखाडीचा सगळा दोष डिस्कवर टाकू नका. भिंत पांढरी म्हणालात. बाजूच्या भिंती आणि वरचं छतही पांढरंच असणार. मग पडद्यावरचा उजेड खोलीभर फिरून परत पडद्यावरच पडतो आणि काळं फिकं होतं. पडद्याच्या दोन्ही बाजूंना गडद चादरी नाहीतर घोंगडी लावा, फरक लगेच दिसेल. प्रोजेक्टरचा ‘डायनॅमिक’ मोड बंद, शार्पनेस खाली, हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग असेल तर तेही बंद. चित्र चौकोनीच राहू द्या. १.३७ ला १ असं माप आहे, बाजूला काळ्या पट्ट्या येणारच. कुणी म्हणालं तरी ताणून भिंतभर करू नका.

पेटीवाला (खानापूर)

शहापूरकर, एक सेकंदही कापलेला नाही. तुमची डीव्हीडी पळतेय.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनं चालतो. आपल्याकडची आणि युरोपातली डीव्हीडी पाल पद्धतीची, म्हणजे २५ फ्रेमची. तो मेळ घालायला पिक्चर सरळ २५ च्या वेगानं सोडायचे. १०४ ला २४ नं गुणा आणि २५ नं भागा, शंभरला किंचित कमी येतं. तुमची चार मिनिटं तिथं गेली. ब्लू-रेवर २४ चा वेग जसाच्या तसा असतो.

खरी कापलेली आवृत्ती निराळी. अमेरिकेत निर्माता सेल्झनिकनं ११ मिनिटं काढून पिक्चर ९३ मिनिटांचा केला आणि सुरुवातीचं निवेदनही बदललं. मूळ ब्रिटिश प्रतीत तो आवाज खुद्द कॅरॉल रीडचा आहे, व्हिएन्नाची आणि तिथल्या काळ्या बाजाराची ओळख करून देणारा. अमेरिकन प्रतीत नट जोसेफ कॉटन बोलतो, म्हणजे गोष्टीतला नायक हॉली मार्टिन्सच. कॉटनच्या तोंडी ते आलं की हॉली सुरुवातीलाच शहाणा वाटायला लागतो, आणि या माणसाला तर शेवटपर्यंत काही कळत नाही. त्यामुळं मागवताना मिनिटं बघा.

मला मात्र वेळेपेक्षा सुराचं दुःख जास्त आहे. मी पेटी वाजवतो. वेग चार टक्क्यांनी वाढला की सूरही चढतो, जवळजवळ पाऊण पट्टी. गवयाला न विचारता पाऊण पट्टी वर गायला लावून बघा, काय म्हणतो ते. या पिक्चरला संगीत एकाच वाद्याचं, अंतोन कारासच्या झिदर या तंतुवाद्याचं. ऑर्केस्ट्रा नाही, व्हायोलिनांचा ताफा नाही. रीडला हा माणूस व्हिएन्नात वाइनच्या गुत्त्यात वाजवताना सापडला आणि त्यानं सगळा पिक्चर त्याच्या हवाली केला. नावं येतात तेव्हा पडद्यावर फक्त तारा असतात. कुणाचा हात दिसत नाही, तार आपली आपण थरथरते.

मी दोन्ही डिस्क लागोपाठ लावून ऐकल्या. ब्लू-रेवर खालच्या तारांना वजन आहे, धून रमतगमत जाते. माणसं मरतायत, भेसळीच्या पेनिसिलिननं पोरं आजारी पडतायत आणि ती मात्र निवांत. तो निवांतपणाच भीतीदायक आहे. डीव्हीडीवर तीच धून वरच्या अंगाला गेलेली आणि घाईतली वाटते. वेल्सचा आवाजही पातळ होतो. कुमार गंधर्वांच्या सुळेभावीच्या मुलखात राहून आपण पाऊण पट्टी सोडून द्यायची होय? नव्या डिस्कला पैसे घाला, एवढंच सांगणं.

चिकोडीचे गुरुजी

माझं मत थोडं वेगळं. नवी प्रत मी मुलाकडं मोठ्या टीव्हीवर बघितली. पडद्यावर सतत मुंग्या. आकाश दाखवलं की मुंग्या, भिंत दाखवली की मुंग्या. एवढं रिस्टोरेशन केलं तर ते साफ का करत नाहीत? आमच्या वयाच्या डोळ्यांना त्रास होतो हो. जुनी डीव्हीडी बघायला तरी मऊ वाटते.

अनगोळ

सबटायटलबद्दल सांगतो. काकांना नम्रपणे नाही म्हणा. त्या पिक्चरमध्ये जर्मन बोलणं भाषांतराशिवाय ठेवलंय ते जाणूनबुजून. हॅरीची प्रेयसी अ‍ॅना, तिच्या घराची झडती होते तेव्हा म्हातारी घरमालकीण दुलई पांघरून जिन्यावर तणतणत असते. हॉलीला एक अक्षर कळत नाही. पुढं तो छोटा पोरगा रस्त्यावर त्याच्याकडं बोट दाखवून ओरडतो, माणसं गोळा होतात, त्यांचे चेहरे बदलतात. अ‍ॅनानं सांगितल्यावरच त्याला कळतं की संशय आपल्यावर आहे. खाली ओळी आल्या तर आपण त्याच्या पुढं जाऊन बसतो.

आपल्याकडं हे समजावून सांगायलाच नको. पुण्याकडचा पाहुणा पहिल्यांदा बेळगावच्या बसस्टँडवर उतरतो, भोवती कन्नडमध्ये काहीतरी जोरात चाललेलं असतं आणि ते आपल्याबद्दल आहे की काय म्हणून तो तोंडाकडं बघत राहतो. आपण दोन्ही बाजूंचे असतो म्हणून शांत असतो. या पिक्चरमध्ये मला पहिल्यांदा तो पाहुणा होता आलं. शहर चार फौजांनी वाटून घेतलेलं, जीपमध्ये चार देशांचे चार शिपाई आणि मधे एक माणूस ज्याला काहीच कळत नाही. ते तसंच राहू दे.

शहापूरकर

पेटीवाले, तुमचा हिशेब वाचला आणि लगेच डीव्हीडीचं घड्याळ ताडून बघितलं. बरोब्बर.

गुरुजी, तुमच्या डोळ्यांच्या त्रासाबद्दल वाद नाही. थोडं लांब बसून बघा, टीव्हीचा शार्पनेस उतरवा, मुंग्या बऱ्याच कमी होतील. पण त्या पुसून टाकाव्यात हे मला मुळीच पटत नाही. तो कचरा नव्हे. फिल्मवर चित्र उमटतं तेच त्या चांदीच्या कणांतून, ग्रेन म्हणतात ते हेच. कॉम्प्युटरनं ग्रेन घासला की त्याच्याबरोबर कापडाची वीण जाते, विटांच्या कडा जातात, चेहऱ्यावरची रेघ जाते. आमचा विणकर मित्र चांगल्या प्रतीत ब्रिटिश अधिकारी मेजर कॅलोवेचा डफल कोट बघून लोकर किती जाड असेल ते बोलत बसतो. डीव्हीडीवर त्याला नुसता कोट दिसला. शेवटी शेवटी गटारातला पाठलाग आहे, तिथं तर भिंतीवरची ओल, वाहतं पाणी आणि बॅटरीचे झोत एवढंच चित्र आहे. ते मऊ केलं की उरतं काय?

अनगोळ, काकांना तुमचा मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवतो. बसस्टँडची गोष्ट त्यांना पटेल, ते स्वतः पुण्याहून आलेले.

निपाणीकर, चादरी आजच टांगतो. २०१५ च्या रिस्टोरेशनची ब्लू-रे नक्की केली. सगळे विभाग चालवणारा प्लेअर आपल्या भागात कुणाकडं आहे का, एका रात्रीपुरता?

निपाणीकर

माझ्याकडं आहे, घेऊन जावा. मीच आणला असता, पण हंगामाचे दिवस आहेत. एवढं करा, जोडल्यावर प्लेअरच्या मेनूत २४ फ्रेमचं आउटपुट चालू आहे का बघा, आणि प्रोजेक्टर ते घेतो का तेही. नाहीतर पेटीवाल्यांचा सूर बरोबर येईल, पण कॅमेरा फिरला की चित्र अडखळेल. आणि एचडीएमआय वायर लांब आणा. माझ्याकडची हातभरच आहे.