निर्वासित कुटुंबाला वाचनालयाचे सभासदत्व कसे द्यावे?

ग्रंथपाल, चेंबूर
आमच्या सार्वजनिक वाचनालयात सध्या एक अफगाण कुटुंब नियमित येते. त्यांच्याकडे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे कार्ड आहे. मात्र आमच्या अर्जात अनिवार्य असलेले आधार कार्ड किंवा घराचा करारनामा नाही. पुस्तके परत येतील का, अशी शंका कार्यकारी मंडळातील काही सदस्यांना वाटते. त्यांचे समाधान कसे करावे?

नायगावचा वाचक
भारताने १९५१ चा निर्वासितविषयक करार स्वीकारलेला नाही, त्यामुळे या कार्डाला सगळीकडे सारखी मान्यता मिळत नाही, हे खरे आहे. परंतु वाचनालयापुढचा प्रश्न नागरिकत्वाचा नसून पुस्तक परत येण्याचा आहे, आणि अनामत रक्कम त्याचसाठी घेतली जाते. सुरुवातीला एका वेळी एकच पुस्तक द्यावे आणि जुन्या सभासदाची हमी घ्यावी. अनामत मात्र इतरांइतकीच असावी. युनेस्को व इफ्ला (ग्रंथालय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) यांचा सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनामा राष्ट्रीयत्व न पाहता सर्वांना समान सेवा द्यावी असे सांगतो. १९९४ चा हा मजकूर २०२२ मध्ये सुधारला गेला, तो मंडळापुढे ठेवावा. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्या पाहिलेल्या चेंबूरमध्ये ही शंका निघावी, याचे थोडे नवल वाटते.

बालविभाग पाहणारी
अफगाण म्हणजे पश्तोच, असे गृहीत धरून खरेदी करू नका. अनेकांची भाषा दारी, म्हणजे फारसीचे अफगाण रूप, असते; म्हणून आधी त्यांनाच विचारावे. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर फारसीतही बालकथा आहेत आणि त्या मुक्त परवान्याखाली असल्याने छापून घेता येतात. मुले शाळेत जात नसतील, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ ची प्रत पालकांच्या हाती द्यावी: वयाचा दाखला नाही एवढ्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. पुस्तकांपेक्षा या एका कागदाचा उपयोग कदाचित अधिक होईल.

वकील, दादर
कार्ड पाहून क्रमांक नोंदवणे पुरेसे आहे; झेरॉक्स काढून फाईलमध्ये ठेवू नये. व्हिसा किंवा आश्रयाच्या अर्जाविषयी ग्रंथपालांनी स्वतः सल्ला देऊ नये. चुकीच्या सल्ल्याची किंमत त्या कुटुंबाला मोजावी लागते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता द्यावा. तेथे स्त्रिया व मुलांना मोफत साहाय्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आणखी एक गोष्ट, जी उत्साहाच्या भरात हमखास राहून जाते: वाचनालयाच्या फेसबुक पानावर या कुटुंबाचे छायाचित्र टाकू नका, कारण मायदेशी राहिलेल्या नातलगांना त्यातून धोका होऊ शकतो.