प्रतिसाद : परिषदेच्या अध्यक्षा आणि बडोदे

अखिल भारतीय महिला परिषदेचे नेतृत्व 'राजवाड्यातल्या बायकांचे' होते आणि त्यांचे काम दानधर्माचे होते, असे मत एका वाचकाने मांडले आहे. त्यातला राजवाड्याचा भाग पहिल्या अध्यक्षेपुरता खरा आहे. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यास भरलेल्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्षा महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) या बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या पत्नी, माहेरच्या घाटगे, देवासच्या; बडोद्यात येऊन, पुढे पडदा सोडून त्या जाहीरपणे वावरू लागल्या.

मात्र १९४५-४६ च्या अध्यक्षा हंसाबेन मेहता यांना या मापाने मोजता येणार नाही. बडोदे संस्थानाचे दिवाण मनुभाई मेहता यांची ही कन्या बडोदा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकली, नागर ब्राह्मण असून तिने वैश्य कुळातील डॉ. जीवराज मेहतांशी विवाह केला, आणि जातीचा विरोध असताना सयाजीराव या विवाहाच्या पाठीशी उभे राहिले. पुढे त्या सविनय कायदेभंगात तुरुंगात गेल्या, घटना समितीत बसल्या आणि १९४९ मध्ये आपल्या बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. ही वाटचाल दानधर्माची म्हणता येईल, असे मला वाटत नाही. सुस्थितीचा लाभ त्यांना मिळाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तशाच सुस्थितीतल्या किती जणींनी तुरुंग पत्करला, हेही पाहावे लागेल.