प्रतिपिंड की प्रतिद्रव्य? आणि ‘प्रतिजन’मधला ‘जन’ कोण?

प्रश्न

रोगप्रतिकारशक्तीवर मराठीत लिहिताना ‘अँटीबॉडी’साठी ‘प्रतिपिंड’ आणि ‘प्रतिद्रव्य’ असे दोन शब्द समोर येतात, कधीकधी तर एकाच लेखात दोन्ही आढळतात. त्यांच्यात काही अर्थभेद आहे, की ते केवळ पर्यायी शब्द आहेत? तसेच ‘अँटिजेन’साठीचा, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होते त्या रेणूसाठीचा, ‘प्रतिजन’ हा शब्द वाचताना ‘विरोधी लोक’ असा अर्थ मनात येतो. त्याची फोड कशी करावी?

प्रतिसाद

अर्थभेद नाही. दोन्ही शब्द रक्तातील एकाच प्रकारच्या संरक्षक रेणूंची नावे आहेत. तरीही मी ‘प्रतिद्रव्य’ वापरतो, आणि त्याचे कारण या संज्ञेच्या जन्मकथेत आहे. १८९० मध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी असे दाखवून दिले की, घटसर्प किंवा धनुर्वात यांच्या विषाला तोंड देऊन तगलेल्या प्राण्याच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) त्या विषाला निष्प्रभ करणारे काहीतरी असते, आणि ते सीरम दुसऱ्या प्राण्याला टोचले तर संरक्षणही त्याला मिळते. हे ‘काहीतरी’ कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. ते केवळ त्याच्या परिणामावरून ओळखले जात होते. पुढच्याच वर्षी पॉल एर्लिख यांच्या लेखनात ‘अँटीक्योर्पर’ हा शब्द आला. ‘क्योर्पर’ म्हणजे शरीर हे खरे, परंतु त्या काळच्या जर्मन रसायनशास्त्रात हा शब्द ‘पदार्थ’ किंवा ‘द्रव्य’ या अर्थानेही सर्रास वापरला जात असे. प्रथिनांनाच मुळी ‘आयवाइसक्योर्पर’, म्हणजे अंड्यातील पांढऱ्या बलकाच्या जातीची द्रव्ये, असे म्हणत. इंग्रजीने त्या ‘क्योर्पर’चे ‘बॉडी’ केले आणि मराठीने ‘बॉडी’चे ‘पिंड’. ‘प्रतिद्रव्य’ हा शब्द या दोन पायऱ्या ओलांडून थेट मूळ अर्थाशी जाऊन भिडतो.

‘पिंड’ हा शब्द मराठीत समृद्ध आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे. ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ म्हणताना पिंड म्हणजे देह. ‘त्याचा पिंडच अभ्यासकाचा’ म्हणताना पिंड म्हणजे घडण, प्रकृती. आणि शरीरशास्त्रात ‘मूत्रपिंड’ म्हणताना पिंड म्हणजे एक अवयव. ‘प्रतिपिंड’ प्रथमच ऐकणाऱ्याला मूत्रपिंडाच्या वळणाने तोही एखादा अवयव किंवा ग्रंथी वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ज्या वस्तूविषयी आपण बोलतो, ती पेशीहूनही हजारो पटींनी लहान, रक्तात विरघळलेली असते.

दुसरा प्रतिसाद

वरील इतिहास मान्य करूनही ‘प्रतिपिंड’च्या बाजूने एक मुद्दा मांडावासा वाटतो. ‘द्रव्य’ म्हटले की आकार नसलेले, ओतता येण्यासारखे काही डोळ्यांपुढे येते, तर ‘पिंड’ या शब्दाला आकार आहे आणि तो मोजता येतो. अँटीबॉडीचे सगळे सामर्थ्य जर तिच्या आकारात असेल, तर आकार सुचवणारा शब्द टाकून आकारहीन शब्द का घ्यावा?

प्रतिसाद

हा आक्षेप वजनदार आहे. अँटीबॉडी हे प्रथिन आहे आणि प्रथिनाचे कार्य त्याच्या संरचनेवरच अवलंबून असते, हे तर या विषयाचे मर्मच आहे. वीस प्रकारची अमिनो आम्ले ज्या क्रमाने साखळीत गुंफली जातात तो क्रम म्हणजे प्राथमिक संरचना. साखळीच्या भागांना सर्पिलाचे किंवा पट्ट्यांचे रूप येते ती द्वितीयक. संपूर्ण साखळी त्रिमितीत दुमडून जो आकार घेते ती तृतीयक. आणि अशा एकाहून अधिक साखळ्या एकत्र येऊन घडते ती चतुर्थक. अँटीबॉडीमध्ये चारही पातळ्या दिसतात. रक्तात सर्वाधिक आढळणाऱ्या ‘आयजीजी’ या प्रकारात दोन जड आणि दोन हलक्या अशा चार साखळ्या गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या असतात, आणि त्यांचा मिळून इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा आकार होतो. दोन भुजांच्या टोकांशी प्रतिजन पकडण्याच्या जागा असतात. त्या जागांची घडण अँटीबॉडीगणिक बदलते, आणि खालचा दांडा मात्र त्या त्या प्रकारात बहुतांशी सारखाच राहतो. ही रचना उलगडल्याबद्दल जेराल्ड एडेलमन आणि रॉडनी पोर्टर यांना १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणून माझी सूचना अशी की, रोगप्रतिकाराविषयी सामान्यपणे लिहिताना ‘प्रतिद्रव्य’ म्हणावे आणि जिथे आकाराची चर्चा आहे तिथे ‘प्रतिद्रव्याचा रेणू’ असे स्पष्ट लिहावे. ‘रेणू’ या एका शब्दाने आकार येतो, मोजता येणे येते आणि अवयवाचा भासही टळतो. ‘प्रतिपिंड’ वापरायचा झाल्यास लिंगाकडे लक्ष द्यावे: नुसता ‘पिंड’ पुल्लिंगी असला तरी ‘मूत्रपिंड’प्रमाणे ‘प्रतिपिंड’ही नपुंसकलिंगी रूढ आहे, तेव्हा ‘प्रतिपिंडे तयार झाली’ असे लिहावे.

खरे सौंदर्य मात्र दोन्ही शब्दांत समान असलेल्या ‘प्रति’ या उपसर्गात आहे. ‘अँटी’मध्ये केवळ विरोध आहे. आपल्या ‘प्रति’मध्ये ‘प्रतिकार’चा विरोध आहे, ‘प्रतिसाद’मधले उत्तर आहे, आणि ‘प्रतिमा’, ‘प्रतिबिंब’ यांतला रूपाशी रूप जुळण्याचा भावही आहे. प्रतिद्रव्य हे तिन्ही करते: बाहेरून आलेल्या रेणूला विरोध करते, त्याच्या आगमनाला शरीराने दिलेले उत्तर असते, आणि त्याच्या उंचवट्यांना आपल्या खळग्यांनी जुळते. परदेशी संज्ञेच्या भाषांतरात मूळ शब्दाहून अधिक अर्थ हाती लागावा, असे क्वचितच घडते.

परंतु प्रतिबिंबाची ही कल्पना फार ताणू नये, कारण ती ताणल्यामुळे विज्ञानाचीही एकदा चूक झाली आहे. १९४० मध्ये लायनस पॉलिंग यांनी असे मांडले होते की, प्रतिजनाचा साचा वापरून त्याच्याभोवती अँटीबॉडीची साखळी दुमडते आणि तो आकार धारण करते. हे खरे ठरले नाही. फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये मांडलेली आणि पुढे सिद्ध झालेली उपपत्ती अशी की, निरनिराळ्या आकारांची ग्राहके (प्रतिजनाला पकडणारे पृष्ठभागावरचे रेणू) बाळगणाऱ्या असंख्य बी-पेशी, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, शरीरात आधीपासूनच असतात. प्रतिजन आला की त्याच्याशी जुळणारी पेशी निवडली जाते, तिची संख्या वाढते, आणि तिच्या वंशातील पेशी ते प्रतिद्रव्य मोठ्या प्रमाणात स्रवू लागतात. इतके वैविध्य मोजक्या जनुकांतून कसे येते, याचे उत्तर सुसुमु टोनेगावा यांनी दिले: पेशीच्या वाढीच्या काळात जनुकांचे तुकडेच नव्या जुळणीने एकमेकांना जोडले जातात. तेव्हा ‘शरीर प्रतिजनानुसार प्रतिद्रव्य घडवते’ या वाक्यापेक्षा ‘प्रतिजनाशी जुळणारे प्रतिद्रव्य निवडले जाते’ हे वाक्य अधिक खरे आहे.

आता ‘प्रतिजन’. ‘अँटिजेन’ हे नाव १८९९ मध्ये लास्लो डेत्रे या हंगेरियन संशोधकाच्या लेखनातून आले, आणि त्यातल्या ‘जेन’चा अर्थ ‘उत्पन्न करणारा’ असा आहे. ‘अँटिजेन’ म्हणजे जो अँटीबॉडी निर्माण करवतो तो. म्हणून ‘प्रतिजन’मधला ‘जन’ हा ‘जनता’मधला नसून ‘जनक’मधला आहे. ‘प्रतिजनक’ असा शब्द घेतला असता तर हा घोटाळा झाला नसता, असे मला मनापासून वाटते. परंतु ‘प्रतिजन’ पुरेसा रुळला आहे, म्हणून पहिल्या वापराच्या वेळी एका वाक्यात फोड देणे हाच मार्ग आहे. शिवाय प्रतिजन म्हणजे रोगजंतू असे समीकरण करू नये. ‘ए’ रक्तगटाच्या व्यक्तीच्या तांबड्या पेशींवरचा ‘ए’ प्रतिजन तिच्या स्वतःच्या शरीराला मुळीच परका नसतो. ‘बी’ गटाच्या व्यक्तीच्या रक्तात मात्र त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये असतात.

पूरक प्रश्न

‘फोल्डिंग’साठी ‘वलन’ म्हणावे की ‘घडी’? आणि ‘प्रतिद्रव्ये विषाणूंना मारतात’ हे वाक्य चालेल का?

प्रतिसाद

पाठ्यपुस्तकी लेखनात ‘वलन’ चालेल, पण मला ‘घडी’ अधिक आवडते. मात्र क्रियापद जपून निवडावे. ‘घडी घालणे’ म्हटले की घालणारा कोणीतरी लागतो, आणि इथे तो नेहमी लागतोच असे नाही. ख्रिश्चन अन्फिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज या प्रथिनाची साखळी रासायनिक उपायांनी उलगडली आणि ती रसायने काढून घेतल्यावर प्रथिनाचा मूळ आकार आणि कार्य दोन्ही परत आल्याचे दाखवले. म्हणजे आकाराची माहिती अमिनो आम्लांच्या क्रमातच असते. पेशीत काही प्रथिनांना इतर प्रथिनांची मदत होते, तरी क्रमाचे महत्त्व कायम राहते. म्हणून ‘प्रथिनाची घडी बसते’ असे म्हणावे. उष्णतेने किंवा आम्लाने आकार गेला तर ‘घडी विस्कटते’ असे म्हणता येईल. संसाराच्या संदर्भात आपण हे दोन्ही वाक्प्रचार वापरतोच, आणि इथे ते शब्दशः लागू पडतात.

‘मारतात’ मात्र टाळावे. प्रतिद्रव्य विषाणूच्या पृष्ठभागाला चिकटते, त्यामुळे विषाणूला पेशीत शिरता येत नाही. याला ‘निष्प्रभ करणे’ हा शब्द योग्य आहे. जीवाणूंच्या बाबतीत ते बहुधा खूण करण्याचे काम करते: भुजा जीवाणूला पकडतात, दांडा बाहेरच्या बाजूस राहतो, आणि भक्षकपेशी त्या दांड्याला धरून जीवाणू गिळून टाकतात. याशिवाय रक्तातल्या ‘पूरक प्रथिने’ नावाच्या प्रथिनांची मालिका जागी करण्याचे कामही प्रतिद्रव्ये करतात, आणि जीवाणूच्या पटलाला भोके पाडतात ती ही पूरक प्रथिने. तेव्हा ‘प्रतिद्रव्ये विषाणूला अडवतात आणि जीवाणूंवर खूण करतात’ असे लिहावे. ‘प्रतिजैविके जीवाणूंना मारतात किंवा त्यांची वाढ रोखतात’ हे वाक्य वेगळ्या औषधांविषयीचे आहे, आणि ‘प्रतिजैविक’ व ‘प्रतिद्रव्य’ यांची गल्लत होते ती बव्हंशी ‘मारतात’ या सामायिक क्रियापदामुळेच.