'आवडीचं काम करताना गेला' हे वाक्य आता पुरे करा

टेलव्हील

आज २६ सप्टेंबर. १९९९ साली आजच्या तारखेला मार्क हॅना गेला. वय ४०. आदल्या दिवशी स्पेनमध्ये, बार्सिलोनाजवळच्या साबादेलला उतरताना त्याचं बुचोन, म्हणजे जुनं लढाऊ विमान, कोसळलं होतं.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: मार्क आधी ब्रिटिश हवाई दलात फँटम उडवायचा. वडील रे हॅना, जन्म न्यूझीलंडचा, १९६६ ते १९६९ रेड ॲरोजचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या कसरती चमूचे, नेते. बापलेकांनी १९८१ मध्ये 'ओल्ड फ्लाइंग मशीन कंपनी' काढली. इंग्लंडमधल्या डक्सफर्डला बस्तान होतं. दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं मिळवायची, दुरुस्त करायची, उडती ठेवायची आणि लोकांना दाखवायची, हा उद्योग. आज डक्सफर्डच्या कुंपणाशी माना वर करून उभ्या राहणाऱ्या निम्म्या लोकांना हे वेड या दोघांमुळे लागलं, असं मला वाटतं.

दरवर्षी आजच्या दिवशी कुणीतरी लिहितंच, "आवडीचं काम करता करता गेला, भाग्यवान!" मला या वाक्याची चीड येते. ज्याने अख्खी उमेद विमान धडपणे खाली आणण्यात घालवली, त्याचं मोठेपण ते खाली आणता आलं नाही त्या एका दिवसात कशाला शोधायचं? मार्कने एकेका विमानाच्या स्वभावाबद्दल बारकाईने लिहून ठेवलंय, मेसरश्मिट १०९ या जर्मन लढाऊ विमानाबद्दलही. कुठे लाड चालतात, कुठे ते दगा देतं. पुढच्या वैमानिकाला उपयोग व्हावा म्हणून लिहिलंय ते. आठवण काढायची तर त्या लिखाणाची काढा.

बुचोन म्हणजे मेसरश्मिट १०९ चा स्पॅनिश अवतार. युद्धानंतर जर्मन इंजिनं मिळेनात, म्हणून स्पेनने शेवटी त्याच सांगाड्यात रोल्स-रॉइसचं ब्रिटिश मर्लिन इंजिन बसवलं. नाकाखाली पोतडी आली आणि गळा फुगवणाऱ्या कबुतराचं नाव चिकटलं. गंमत म्हणजे १९३५ साली पहिलं १०९ उडालं तेही रोल्स-रॉइसच्याच इंजिनावर. असो. सांगायचं हे की विमान हवेत देखणं आणि जमिनीवर खट्याळ. मार्कला ते पुरतं माहीत होतं.

माझं मत: हा धोका धरूनही ही विमानं उडायला हवीत. बोला.

काचेचं_कपाट

वाक्याबद्दल सहमत. शेवटच्या ओळीशी अजिबात नाही.

खरं १०९, म्हणजे जर्मन इंजिनवालं, 'ब्लॅक सिक्स' नावाचं एक होतं. १९४२ मध्ये लिबियात ब्रिटिशांच्या हाती लागलेलं. १९७२ ला त्याच्या दुरुस्तीला हात घातला आणि १९९१ ला ते उडालं. एकोणीस वर्षं! पुढे उडवणं थांबवून ते संग्रहालयात ठेवायचं ठरलंही होतं. आणि मुक्कामाला पोचता पोचता, १२ ऑक्टोबर १९९७ ला, डक्सफर्डलाच ते उलटं झालं. वैमानिक वाचला. विमान पुन्हा जुळवलं, पण फक्त बघण्यापुरतं.

त्याच्या आदल्या वर्षीचा जुलै आठवा. १४ तारखेला डक्सफर्डला पी-३८ हे लढाऊ विमान पडलं, वैमानिक गेला. २१ तारखेला इंग्लंडमधल्याच बार्टनला मॉस्किटो हे लाकडी युद्धविमान पडलं, दोघं गेले. ते तेव्हाचं जगातलं शेवटचं उडतं मॉस्किटो. आठवडाभरात तीन माणसं आणि दोन विमानं. शिवकालीन तलवार खरी आहे हे दाखवायला आपण ती दगडावर घासून बघतो का?

रिकामटेकडा

तलवारीला विमा मिळत नाही हो :)

हँगरमधला

पोटासाठी पिस्टन इंजिनांवर हात काळे करतो, तेव्हा थोडं माझंही ऐका.

विमान उभं राहिलं की जपलं जातं हा भ्रम आहे. रबराची सीलं वाळतात, सिलिंडरच्या आत गंज धरतो, मॅग्नेशियमच्या भागांना पांढरी भुकटी सुटते. उडत्या विमानाखाली तेलाचा ट्रे असतो. सकाळी आलं की आधी तो बघायचा. थेंब नेहमीइतके असले तर बरं. एखाद्या दिवशी कमी पडले तरी आम्ही वरचं झाकण उघडतो, कारण गळायला तेल उरलंय का हा पहिला प्रश्न. हे कुठल्या पुस्तकात वाचून येत नाही. इंजिन चालवत राहिलं तरच ते कळणारी माणसं राहतात.

आणि मॉस्किटोचं पुढचं सांगा की. २७ सप्टेंबर २०१२ ला न्यूझीलंडमध्ये आर्डमोरला केए ११४ क्रमांकाचं मॉस्किटो उडालं. जुन्या विमानाचं लाकूड कुजून गेलेलं, म्हणून तिथे साचे पुन्हा बनवले, दोन पातळ प्लायवूडमध्ये बाल्सा भरून धडाचे दोन अर्धे भाग वाळवले आणि अंड्याचं कवच मिटावं तसे जोडले. डिंक कुठला, दाब किती, वाळवायचं किती वेळ, हे सगळं नव्याने शिकावं लागलं. काचेतल्या मॉस्किटोने ते शिकवलं नसतं, कारण काचेतल्या मॉस्किटोला कुणी तासत नाही.

काचेचं_कपाट

म्हणजे नवंच विमान बनवलं की! माझाच मुद्दा. फ्रान्समधल्या काले गावाच्या किनाऱ्यावर १९४० च्या मे महिन्यात उतरलेलं पी ९३७४ क्रमांकाचं स्पिटफायर, ब्रिटिश लढाऊ विमान, घ्या. १९८० ला वाळूतून वर आलं आणि २०११ ला उडालं. चाळीस वर्षं खाऱ्या पाण्यात पडलेला पत्रा उडतो होय? उडतंय ते बहुतांशी नवीन धातूचं, त्याला जुना क्रमांक. त्यात वाईट काही नाही, पण मग "इतिहास उडतोय" म्हणू नका, "प्रतिकृती उडतेय" म्हणा. आणि प्रतिकृतीच उडवायची तर जे थोडे खरे पत्रे उरलेत त्यांना हात लावू नका.

टेलव्हील

मग एमएच ४३४ क्रमांकाच्या विमानाचं काय करणार? १९४३ चं स्पिटफायर, त्याच ऑगस्टमध्ये लढाईत उतरलेलं. पुढे डच, मग बेल्जियन, मग लक्ष्य ओढायच्या कामावर, आणि १९८३ च्या लिलावात रे हॅनांकडे. ते कधी पूर्ण उकलून नव्याने बांधलेलंच नाही. ते खरं राहिलं, कारण कुणीतरी सतत वापरत राहिलं. कपाटात किंवा भंगारात न गेल्यामुळे.

खडूस_काका

तुम्ही दोघं पत्र्यावर भांडताय. मी माणसांवर बोलतो.

२२ ऑगस्ट २०१५, इंग्लंडमधलं शोरहॅम. हंटर जेट कसरतीतून बाहेर येताना महामार्गावर आदळलं. ११ माणसं मेली. त्यातले बहुतेक हवाई कसरती बघायच्या तिकीट-रांगेतले नव्हते हो, रस्त्याने आपापल्या कामाला चाललेले. वैमानिक वाचला आणि २०१९ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. कायद्याने सोडलं, माझी तक्रार नाही. पण त्या अकरा जणांपैकी "मला मर्लिनचा आवाज ऐकायचाय" असं कोण म्हणालं होतं?

२०१९ मध्ये अमेरिकेत ब्रॅडली विमानतळावर बी-१७ हे जुनं बाँबफेकी विमान पडलं. सात गेले, त्यातले पाच पैसे भरून बसलेले प्रवासी. २०२२ ला डॅलसमध्ये प्रेक्षकांसमोर दोन विमानं एकमेकांवर आपटली, सहा गेले. हौसेला मोल नसतं म्हणे. मोल असतं, ते दुसराच कुणीतरी भरतो.

आणि शिस्तीचं कौतुक करताय तर हेही सांगा, की १९८८ मध्ये एका टीव्ही मालिकेच्या चित्रीकरणासाठी तुमच्या थोरल्या हॅनांनी टीज नदीवरच्या विन्स्टन पुलाच्या कमानीखालून स्पिटफायर काढलं होतं. ही कुठली शिस्त?

रिकामटेकडा

काका, तो प्रसंग मी किमान पन्नास वेळा पाहिलाय. तुम्ही नाही पाहिलात?

खडूस_काका

पाहिलाय. म्हणूनच विचारतोय.

टेलव्हील

कमान सुमारे ३४ मीटरची, पंख ११ मीटरचे. पलीकडे झाडं. मी तरी म्हणणार नाही की प्रत्येकाने करून बघावं. पण आततायीपणा आणि हिशेब यांत फरक असतो, आणि तो माणूस हिशेबाचा होता.

शोरहॅमबद्दल मात्र तुमच्यापुढे बोलायला माझ्याकडे काही नाही. त्यानंतर नियम आवळले, जुन्या जेटना समुद्र सोडून जमिनीच्या वरच्या आकाशात कसरती करायला बंदी आली, सरळ उडत जायचं फक्त. ते योग्यच झालं. आधीच व्हायला हवं होतं. मी उडवा म्हणतो ते धावपट्टीवर, समुद्रावर, मोकळ्या रानावर. लोकांच्या डोक्यावर नाही.

हँगरमधला

काकांचं ब्रॅडलीचं उदाहरण माझ्या जिव्हारी लागलं, कारण ते आमच्या खात्यातलं आहे. तपासात निघालं ते असं: चार नंबरच्या इंजिनाला दोन मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी देणारी यंत्रं. एकाची जोडणी सुटलेली, ती साध्या बांधायच्या तारेने धरून ठेवलेली, आणि तार धातूला टेकून ठिणगीच मारून टाकत होती. दुसऱ्याची फट हवी त्यापेक्षा कमी, त्यामुळे ठिणगी दुबळी. एकाला दुसरा असावा म्हणून दोन ठेवतात, आणि इथे दोन्ही कामातून गेलेले.

हे वाचलं त्या दिवशी मी आमच्याकडची प्रत्येक तार पुन्हा बघितली. "जुनं आहे, चालायचंच" ही वृत्ती माणसं मारते. विमान जुनं असलं म्हणून तपासणी जुन्या मनाने करून चालत नाही. उडवायची बाजू घेणाऱ्यांनी हे आधी बोललं पाहिजे, काकांनी नव्हे. शिवाय पैसे घेऊन प्रवासी बसवायच्या मी विरुद्धच आहे. त्यांना मॅग्नेटो म्हणजे काय हेही ठाऊक नसतं, संमती कसली देणार?

काचेचं_कपाट

हे तुम्ही लिहिलंत याबद्दल आदर. मत बदललं नाही, पण आदर. माझं एवढंच म्हणणं आहे: ज्याच्या जातीची दोनचारच उरलीत ते खाली ठेवा. लँकॅस्टर ही बाँबफेकी विमानं जगात दोनच उडतात, एक इंग्लंडात, एक कॅनडात. एक पडलं तर? स्पिटफायर बरीच आहेत, उडवा बापडे.

हँगरमधला

ही तडजोड मला चालेल. टेलव्हीलला चालणार नाही :)

टेलव्हील

नाही चालणार. दोनच उरली म्हणूनच उडवायची.

सावली

विमानांतलं मला काही कळत नाही. मथळा वाचून आले.

माझा भाऊ डोंगरात गेला. दोर निसटला. तेव्हा घरी येणारा जाणारा प्रत्येक जण आईला हेच म्हणायचा, "आवडीच्या ठिकाणी गेला हो." मला तेव्हा तुमच्यासारखीच चीड यायची. पण आई ते वाक्य धरून बसली. कुणी विचारलं की तीच म्हणायची. नाहीतर काय म्हणणार होती? दोराची गाठ नीट नव्हती, असं?

टेलव्हील, तुमचं वाक्य बरोबर आहे, पण ते मेलेल्याच्या बाजूने. मागे राहिलेल्यांना काहीतरी धरायला लागतं. तुम्ही ते वाक्य पुरे करा म्हणता, तेव्हा त्यांच्या हातात दुसरं काय देता?

टेलव्हील

सावलीताई, दुपारी वाचलं, उत्तर आत्ता देतोय.

आईंच्या तोंडून ते वाक्य आलं तर मी कोण बोलणारा. माझा राग आमच्यासारख्यांवर आहे. आम्ही त्याला कधी भेटलो नाही, शेजारी राहिलो नाही, आणि दोन ओळी टाकून हळहळ उरकतो. आम्हाला ते वाक्य फुकट मिळालंय.

हातात काय देतो याचं उत्तर माझ्याकडे नाही. रे हॅनांचं एवढंच माहीत आहे की मुलगा गेल्यावरही ते उडत राहिले, एमएच ४३४ सुद्धा. डिसेंबर २००५ मध्ये गेले, ७७ व्या वर्षी, विमानात नव्हे. ते त्या काळात काय धरून होते कुणास ठाऊक. मथळा राहू देतो, पण थोडा शरमून.

खडूस_काका

सावली, पोरी, आईला नमस्कार सांग.

सावली

सांगते काका.

आणि आता आलेच आहे तर एक विचारू? ते बुचोन जमिनीवर खट्याळ म्हणजे नक्की काय? हवेत नीट असलेलं विमान खाली आल्यावर का बिघडतं?

हँगरमधला

ताई, मोठी दोन चाकं पुढे आणि छोटं एक शेपटीखाली, अशी ही विमानं. वजनाचा मध्य मोठ्या चाकांच्या मागे पडतो. हातगाडी ओढत नेली की मुकाट मागे येते. तीच पुढे ढकलत पळवली की जरा वाकडी झाल्यावर आणखी वाकडी होत जाते, तसं. पळताना नाक जरा डावीकडे वळलं की मागचं वजन ते आणखी वळवतं. त्यात १०९ च्या चाकांचे पाय धडालाच बसवलेले, तिथून फाकून खाली येतात, तरी दोन चाकांत अंतर कमीच. शिवाय शेपूट टेकलं की नाक एवढं वर, की वैमानिकाला समोरची धावपट्टीच दिसत नाही. म्हणून उतरताना शेवटपर्यंत वळत वळत यायचं, म्हणजे बाजूने पट्टी दिसते. टेकल्यावर दोन्ही कडा डोळ्याच्या कोपऱ्यात धरायच्या आणि पायांनी सुकाणू सारखं हलवत राहायचं, विमान थांबेपर्यंत. थांबल्यावरही पाय लगेच काढायचे नाहीत.