'करवाढ नाही, शिल्लकी अंदाजपत्रक' : हे ऐकून टाळ्या का वाजवायच्या?

जयसिंगपूरकर
फेब्रुवारी आला की आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या नगरपालिकांची बातमी ठरलेली : इतक्या कोटींचं शिल्लकी अंदाजपत्रक, करवाढ नाही. त्या कोटींत नगरोत्थान (शहरातल्या कामांची राज्य योजना), वित्त आयोग, दलित वस्ती सुधारणा, सगळं अनुदान धरलेलं असतं. ते ज्या कामाला येतं त्यालाच लागतं. पाण्याची मोटर जळली तर त्यातला रुपया हलत नाही. तिथं घरफाळा (घरपट्टी), पाणीपट्टी, गाळेभाडंच कामाला येतं. मग गेल्या वर्षी ते खरंच किती जमलं, हे सभेत सगळ्यात आधी वाचा की! अंदाजपत्रकाच्या पुस्तकात 'प्रत्यक्ष जमा' हा रकाना असतो. त्यावर कोण बोलतच नाही.

गडहिंग्लजचा माजी नगरसेवक
दादा, अनुदान धरलं नाही तर तरतूद राहत नाही, आणि तरतूद नसली की आलेला पैसा पडून राहतो. १९९९ ला जकात गेली, तेव्हाच पालिकेच्या हातातली कमाई गेली. बदल्यात आलेलं सहायक अनुदान पगारातच संपतं. पंधराव्या वित्त आयोगाचे (२०२१-२६) ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते, उरलेल्या ४० टक्क्यांतून पगार करता येत नव्हता. मुख्याधिकाऱ्यानं करायचं काय?

कागलची लेखनिक
हात बांधलेत हे मान्य. पण घरफाळ्याची फेरआकारणी दर चार वर्षांनी करायची असते, ती कुणी अडवली? नोटिसा निघाल्या की मोर्चा, मोर्चा निघाला की स्थगिती. मोर्चात पुढं कोण असतं, तुम्हीच सांगा.

गडहिंग्लजचा माजी नगरसेवक
मीही होतो. एकदम दुप्पट आकारणी आली होती, लोकांनी भरायची कशी?

कुरुंदवाडकर
आमच्याकडं २०१९ आणि २०२१ ला पूर घरात. गाळ उपसायचा, औषध फवारायचं, ते मदतीची वाट बघून होत नाही. आणि त्याच वर्षी पूरग्रस्ताच्या दारात वसुलीला जायचं? ताई, नदीकाठच्या गावाला तुमचा हिशेब लागू होत नाही. आधी पुरासाठी वेगळी रक्कम बाजूला काढा.

जयसिंगपूरकर
तरतुदीचा मुद्दा पटला, अनुदान धरायलाच पाहिजे. पण दोन बेरजा वेगळ्या दाखवा : स्वतःची जमा एकीकडं, बांधलेला पैसा दुसरीकडं. कुरुंदवाडकर, तुमची पुराची रक्कम पहिल्या बेरजेतूनच निघणार ना? म्हणून तर ती किती आहे ते विचारतोय. मी आमच्या पालिकेकडं गेल्या तीन वर्षांची प्रत्यक्ष जमा माहिती अधिकारात मागतोय. तुम्हीपण तुमच्या गावात अर्ज टाका, आकडे इथंच शेजारी-शेजारी मांडू.